चौकटीवरच्या नऊ रेघा

प्रिय मिस्त्री,

“बाई, त्या दाराला टेकू नका, मागे घर नाहीये.” हे तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते बोलायला तुला किंचित उशीरच झाला होता. मी वहीसकट, चष्म्यासकट आणि दारासकट मागे कोसळले, आणि तू हातोडी खाली ठेवून धावत आलास आणि आधी दार उचललंस. मला नंतर. बावीस वर्षं झाली. ही गोष्ट मी निदान शंभर जणांना सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी तू मध्येच म्हणाला आहेस, की दार तिच्या अंगावर होतं, आधी तेच उचलावं लागणार ना! तुझं खरं आहे. पण गोष्ट माझ्या बाजूने जास्त रंगते.

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. मी बरी आहे. तुझ्या आईंशी रविवारी बोलले, त्यांनी माझी कमी आणि तुझी जास्त चौकशी केली, म्हणजे त्याही ठणठणीत आहेत. नळ परत गळायला लागलाय. दर महिन्याच्या एक तारखेला तू फोन करतोस, नळ कसा आहे विचारतोस, मी नळाचं सांगते. अडीच वर्षांत आपण त्याच्याबद्दल इतकं बोललोय, की तो आता घरातलाच एक माणूस झालाय. पण फोनवर आपलं गाडं नळाच्या पुढे सरकत नाही. म्हणून लिहायला बसलेय. मला एक सांगायचंय, आणि तुझा श्वास ऐकू आला तर मी ते सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

आधी बातमी. गेल्या महिन्यात मला अचानक एक काम आलं. एका सिनेमाच्या कंटिन्युइटीवाल्या बाईंचा पाय मोडला आणि शूटिंग तर पुढच्याच सोमवारी सुरू व्हायचं होतं. तुझ्या बहिणीला अजून वाटतं, मी शूटिंगला नटांची हजेरी घेते. तिला एकदा तू नीट समजावून सांग बाबा, की कप पहिल्या शॉटमध्ये डाव्या हातात असेल तर दुसऱ्या शॉटमध्येही तो डाव्याच हातात राहिला पाहिजे, केस कानामागे असतील तर कानामागेच, आणि हे सगळं टिपून ठेवण्यासाठी एक बाई वही घेऊन कॅमेऱ्याशेजारी बसलेली असते. नवरा-बायकोची गोष्ट आहे, असं दिग्दर्शिका फोनवर म्हणाली. चांगलं प्रेमाचं लग्न. नऊ वर्षांची मुलगी आजारपणात जाते, आणि मग ती दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत राहतात. मी नाहीच म्हणणार होते. “बघते” म्हणून फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात उगीच दोन फेऱ्या मारल्या आणि परत फोन करून हो म्हटलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. घरी बसून तरी दुसरं काय करत होते?

सेट तू उभा केला आहेस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझं काम आटोपून तू पुढच्या सेटवर गेला होतास आणि मी आयत्या वेळी आलेली. पहिले दोन दिवस बाहेरचेच सीन होते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. नायिकेने ड्रॉवर उघडून त्यातून चमचा काढायचा, एवढंच होतं. ड्रॉवर उघडेना. तिने ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला, मग दिग्दर्शिका वैतागली, कोणीतरी ओरडलं, “अरे, मिस्त्रीला बोलवा, काय काम करून ठेवलंय!” आणि मी वही काखेत धरून पुढे गेले, ड्रॉवर जरासा वर उचलला, डावीकडे ढकलला आणि ओढला. उघडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. “ताई, तुम्हाला कसं कळलं?” मला स्वतःलाच कळलं नव्हतं. कळलं होतं ते माझ्या हाताला.

मग मी पाहायला सुरुवात केली. ओट्यावर खिडकी, पण मधोमध नाही, आपल्याकडच्यासारखी हातभर उजवीकडे. बाथरूमच्या दिव्याचं बटण आत असायचं ते बाहेर, आणि तेही इतकं खाली की कोपराने दाबता यावं. शेल्फच्या तिसऱ्या फळीला मागच्या बाजूने दिलेला तो ठोकळा, जो आपल्याकडे फळी वाकली म्हणून तू घाईघाईत लावला होतास आणि “उद्या नीट करतो” म्हणाला होतास, आणि तो उद्या अकरा वर्षं उजाडला नाही. तुझा हात आराखड्याबाहेर कधी जात नाही. आणि त्या आराखड्यात यातलं काहीसुद्धा नव्हतं. मी तो मागवून बघितला. ठोकळा कोण काढणार आराखड्यात?

चौकटीकडे मी मुद्दामच बघत नव्हते. कॅमेरा तिकडे वळणार होता पाचव्या दिवशी.

त्या दिवशीचा सीन असा होता. घरात कोणी नाही. नायिका कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते, चौकटीपाशी थांबते, मुलीची उंची मोजल्याच्या रेघांवरून बोट फिरवते आणि एका रेघेवर थांबते. संवाद नाही. अकरा टेक झाले. आणि माझं काम काय, तर प्रत्येक टेकला तिचं बोट कितव्या रेघेवर थांबलं ते लिहायचं. पहिला टेक, सहावी रेघ. दुसरा टेक, पाचवी. मी गुडघ्यावर बसून, चौकटीपासून दीड हातावर, रेघा मोजत होते. एकूण नऊ. आपल्याकडे चार होत्या.

मला वाटलं, मला भास होतोय. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी टेप घेऊन मोजलं. पहिली रेघ दोन फूट पाच इंच. दुसरी दोन फूट साडेनऊ, वर एक सूत. तिसरी तीन फूट, अर्धा इंच. चौथी तीन फूट तीन, दोन सूत कमी. मी घरून जुनी वही आणली नव्हती, पण मला तिची गरज नव्हती. हे आकडे मीच लिहून घेतले होते ना. तू आपल्या लेकीच्या डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवून रेघ मारायचास आणि मोठ्याने माप सांगायचास, आणि मी ओट्यापाशी उभी राहून वहीत टिपून घ्यायचे, जसा काही तोही एक शॉटच. वाढदिवसाला खरं तर एकदाच मोजायचं ठरलं होतं, पण तिला दर रविवारी मोजून हवं असायचं. एका रविवारी तू टेप गुंडाळत म्हणालास, “दोन सूत वाढलीस, बास!” तिने सूत म्हणजे काय विचारलं. तू इंचाचा आठवा भाग बोटांच्या चिमटीत दाखवलास, आणि तिला ते इतकं छोटं माप इतकं आवडलं की तेव्हापासून ती दोनसूत झाली. शाळेच्या बाईंनी नाव विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. आठवतंय?

तू, जो प्रत्येक सेटवर छत्री विसरून येतोस, ज्याला आपल्या लग्नाची तारीख सांगताना दोनदा माझ्याकडे बघावं लागतं, त्याने ती चारही मापं सुताचा फरक न होता डोक्यात ठेवली होती.

आता सांगायचंय ते सांगते. फार वेळ नळाशी घुटमळले.

दोनसूत गेल्याच्या पुढच्या वर्षी आपण घर रंगवायला काढलं. खरं तर तू काढलंस, भिंतींना ओल आली होती. रंगारी तुझा जिवलग, माझ्याही आधीपासूनचा. तू चौकट उभी करायचीस आणि त्याने ती रंगवायची, अशी तुमची वीस वर्षांची जोडी. तू त्याला चारदा बजावलं होतंस, की स्वयंपाकघराच्या चौकटीचं डावं लाकूड सोडायचं. तो म्हणाला होता, “अरे मिस्त्री, मला डोळे आहेत.” त्या दुपारी तू टर्पेंटाइन आणि पुट्टी आणायला गेलास. परत आलास तेव्हा डावं लाकूड बाकीच्यासारखंच पांढरंशुभ्र झालं होतं. रंगारी ब्रश हातात धरून उभा होता. तो म्हणाला, “ध्यानातून गेलं मिस्त्री.” तू आवाज चढवला नाहीस. तू फक्त एवढंच म्हणालास, की सामान उचल, आणि यापुढे मी जिथे असेन तिथे उभा राहू नकोस.

त्याच्या ध्यानातून गेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं होतं.

तू गेल्यावर मी त्याला म्हटलं, तेवढं लाकूडही रंगवून टाका. तो म्हणाला, “वहिनी, मिस्त्रीने बजावलंय.” मी म्हटलं, “मी सांगतेय ना.” त्याने डब्याच्या काठावर ब्रश निथळवला. मग त्याने एक हात मारला. रेघा आतून दिसत होत्या, फिकट पण चारही. मी म्हटलं, “दिसतंय अजून.” त्याने दुसरा हात मारला. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

का केलं, असं तू विचारशील. मी दिवसातून चाळीस वेळा त्या चौकटीतून जात होते. पाणी प्यायला, दूध उतू जातंय म्हणून, उगीच. दर वेळी माझं कोपर चौथ्या रेघेवरून जायचं, आणि दर वेळी मला वाटायचं की पाचवी रेघ कुठे असती ते मला नेमकं माहीत आहे आणि ती तिथे नाही. तुला ती चौकट बघून बरं वाटायचं. येता-जाता तू तिच्यावर हात ठेवायचास, मी पाहिलं होतं. म्हणूनच तुला सांगता आलं नाही. माझं सगळं आयुष्य काही बदलू नये म्हणून वहीत लिहिण्यात गेलं, आणि त्या एका घरात मला काहीतरी बदललेलं हवं होतं, मग ते काही का असेना.

आणि तू रंगाऱ्याला जा म्हणालास तेव्हा मी चहाच्या भांड्यात बघत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चहा ढवळत राहिले. त्याने डबे उचलले आणि गेला. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, रविवारी सांगू. रविवारी सकाळी तू पॉलिशपेपर घेऊन चौकटीपाशी बसलास. हलक्या हाताने रंग काढला तर खाली पेन्सिल सापडेल, असं तुला वाटत होतं. मी पलीकडच्या खोलीतून तो खरखर आवाज ऐकत होते. दोन तासांनी आवाज थांबला. मी आले तर तू कोऱ्या लाकडावर हात ठेवून बसला होतास. रंगाबरोबर रेघाही गेल्या होत्या. तू म्हणालास, “मीच घालवल्या गं.” त्यावरही मी तुला खरं सांगितलं नाही. वही माझ्या कपाटात होती. चारही मापं होती तिच्यात. उठून वही आणून तुझ्या हातात दिली असती तर तू अर्ध्या तासात रेघा परत मारल्या असत्यास. मी तुला पाणी आणून दिलं.

त्यानंतर तू माझ्याशी कधी वाईट वागला नाहीस, आणि तेच मला जड गेलं. तू स्वतःला दोष देत होतास, मित्राला देत होतास, मला सोडून सगळ्यांना देत होतास. माझ्यासमोर तू चोरासारखा वावरायचास, आणि चोर मी होते. तुझ्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी बाहेरगावची कामं घ्यायला लागले. तुला वाटलं, मला घरात राहायचं नाही. मग एक दिवस तू म्हणालास, वर्कशॉप लांब पडतं, तिथल्याच वरच्या खोलीत राहावं म्हणतोय काही दिवस. मी तुझ्या शर्टांच्या घड्या घालून दिल्या. अजून त्या बाह्यांच्या घड्या माझ्या हातात आहेत, असं वाटतं मला कधीकधी.

परत सेटवर येते. उरलेल्या पाच रेघा. त्या तुला कोणी सांगितल्या नव्हत्या. सिनेमातली मुलगी नऊ वर्षांची, म्हणून नऊ रेघा हव्यात, एवढंच तुला सांगितलं असणार. दुसरा कोणी असता तर सारख्या अंतरावर पाच रेघा ओढून मोकळा झाला असता. तू पाचवी आणि सहावी जवळजवळ मारल्यास आणि सातवी एकदम वर. आमच्या घराण्यात पोरं सातव्या वर्षी ताडकन वाढतात, असं तुझ्या आई म्हणतात ते मला आठवलं. आणि आठवी रेघ दोनदा मारलेली आहे. एक वर, ती पुसलेली, आणि एक बोटभर खाली. हे काय आहे ते कॅमेऱ्यामागच्या कोणालाही कळलं नाही. एकाला तर ती चूक वाटली, तो पुसायला निघाला होता, मी त्याच्यावर ओरडले. दोनसूत टाचा उचलायची. चौथ्या वाढदिवसाला उचलल्या होत्या, तू रेघ मारलीस, मग खाली बघितलंस आणि म्हणालास, “लबाड! पाय खाली!” आणि रेघ पुसून परत मारलीस. तू तिला आठव्या वर्षीही लबाडी करू दिलीस, मिस्त्री.

सुट्टी संपली, सगळे आत आले, टेक पुढे सुरू झाले. नवव्या टेकला नायिकेचं बोट आठव्या रेघेवर, त्या पुसलेल्या खुणेवर थांबलं. का थांबलं, तिला माहीत नव्हतं. दिग्दर्शिकेने तोच टेक ठेवलाय. माझ्या वहीत त्या टेकपुढे काही लिहिलेलं नाही. नायिकेच्या डाव्या हातात कप होता की उजव्या, तेसुद्धा नाही. पुढच्या शॉटमध्ये कप भलत्याच हातात आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून सुटलेला पहिला कप. थिएटरात बसून तूच तो आधी पकडशील आणि मला कोपराने ढोसशील, असं माझ्या मनात आलं, आणि मग तू माझ्या शेजारी नसशील, हेही आलं.

गेल्या आठवड्यात मी रंगाऱ्याकडे गेले होते. तुझ्याआधी त्याला भेटायला हवं होतं. तो हल्ली शाळांची फाटकं आणि जाळ्या रंगवतो. मी दारातच सगळं बोलून टाकलं, माफी मागितली. त्याने मला बसवलं, पंखा लावला आणि म्हणाला, “वहिनी, तुम्ही सांगाल हे मला ठाऊक होतं. पण जरा लवकर सांगायचं की. माझे गुडघे शिडीवर चढण्यासारखे होते तोवर तरी.” मग स्वतःच हसला. मी त्याला विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगून टाकलंत? तो म्हणाला, “त्याला एक माणूस गमवायचाच होता तर मी बरा होतो.” निघताना म्हणाला, “मिस्त्रीला सांगा, माझा चार इंची ब्रश पाच वर्षं त्याच्याकडे पडलाय. सुकवून दगड केला असेल त्याने.” तू तो घासलेटने धुऊन, कागदात गुंडाळून ठेवला आहेस, हे मला माहीत आहे. मी ते त्याला सांगितलं नाही. तूच सांग.

शूटिंग परवा संपलं. येत्या शनिवारी तू सेट मोडायला येणार आहेस, असं ऑफिसातून कळलं, म्हणून हे पत्र आजच टाकते आहे. तू माझ्यावर रागाव. पाच वर्षांचा राग आहे, एका दिवसात संपवू नकोस, मी कुठे जात नाहीये. तू परत राहायला ये, असं मी म्हणत नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. माझं मागणं एकच आहे, आणि तू “नाही” म्हणशील, हे मला लिहितानाच दिसतंय. सेटवरचा खिळासुद्धा घरी आणायचा नाही, हा तुझा नियम. एकदा बुटाच्या तळव्यात स्क्रू रुतून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी तो परत करायला तू दोन बस बदलून गेला होतास, आणि मी आणि दोनसूत खिडकीतून तुला हसत होतो. तो नियम माझ्यासाठी एकदा मोड. चौकटीचं ते डावं लाकूड तोडू नकोस, रंध्याखाली घालू नकोस. नऊच्या नऊ रेघांसकट ते इथे आण आणि आपल्या स्वयंपाकघराला बसव. सेटवर त्याच्यामागे घर नाहीये. दिग्दर्शिकेला मी विचारून ठेवलंय, ती हो म्हणाली. चौकट बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून रंगाऱ्यालाही रविवारी सकाळी बोलावलं आहे. ब्रश आणू नका, असं त्याला मीच सांगितलंय.

तुझीच,
वहीवाली